ट्यूब स्क्रीमर, फझ फेस, कोरस : स्वतः लिहिलेली डिजिटल मॉडेल्स थेट मिक्सरला लावायची आहेत

गिरणाकाठ, चाळीसगाव

राम राम मंडळी. अहिराणी गाण्यांच्या कार्यक्रमासाठी गिटार आणि बेस दोघांचे इफेक्ट, म्हणजे ट्यूब स्क्रीमर आणि फझ फेस हे आवाज तोडणारे पेडल आणि आवाज दाट करणारा कोरस, एकाच डब्यात बसवतोय. बोर्ड डेझी सीड (ऑडिओसाठीचा छोटा प्रोसेसर बोर्ड), ४८ किलोहर्ट्झ, ब्लॉक ४८ सॅम्पलचा. अ‍ॅम्प नेत नाही. डब्यातून सरळ मिक्सर आणि तिथून गाडीवरचे टॉप-बेस. लग्नसराईत आणि कानबाईच्या विसर्जनाला वीज जनरेटरची असते, हेही लक्षात घ्या.

सध्या असे आहे. ट्यूब स्क्रीमरसाठी हायपास (वरचेच सूर जाऊ देणारा फिल्टर), मग ड्राइव्हने गुणाकार, ०.७ व्होल्टला हार्ड क्लिप (त्यावरचे सरळ कापणे), मग टोनचा लोपास (खालचेच सूर जाऊ देणारा). खालच्या पट्टीत बरा वाजतो, पण बाराव्या पडद्याच्या वर कर्कश होतो आणि बेंड घेतला की मागून एक शिट्टी उलट्या दिशेने खाली उतरते. फझ फेसचे मॉडेल गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणला तरी साफ होत नाही, नुसता आवाज कमी होतो. कोरसमध्ये वरची चमक ठरावीक लयीत जाते-येते. बेसवर स्क्रीमर टाकला की तळ गायब. शिवाय गिटार काढली तरी एक बारीक 'टीं' चालूच राहते.

पहिला हात कुठे घालू? की हे सगळे सोडून न्यूरल कॅप्चर (खऱ्या उपकरणाचा आवाज न्यूरल नेटवर्कला शिकवून केलेली नक्कल) घेऊ?

---

पांझरा_७२०, धुळे

आधी हे बघा : मॉडेलच्या पुढे कॅबिनेट आहे का? गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. पीएचा (कार्यक्रमाच्या साउंड सिस्टिमचा) हॉर्न तसा उतरत नाही, जे येईल ते सगळे बाहेर टाकतो. खरा टीएस८०८ (मूळ ट्यूब स्क्रीमर) मिक्सरला थेट लावला तरी तो कर्कशच वाजेल. तेव्हा कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या खोक्याच्या आवाजाची नोंदलेली छाप) चालू करा आणि मगच क्लिपिंगबद्दल मत बनवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

उलटी उतरणारी शिट्टी म्हणजे एलियासिंग. ४८ किलोहर्ट्झवर २४ च्या वरचे काहीही मावत नाही, ते दुमडून खाली येते. ५ किलोहर्ट्झचा एक घटक क्लिप झाला की त्याचा पाचवा हार्मोनिक (पाचपट फ्रिक्वेन्सीचा सूर) २५ वर पडतो आणि २३ वर दिसतो. सातवा ३५ चा १३ होतो. नववा ४५ चा ३ किलोहर्ट्झ होऊन थेट कानाच्या सर्वांत तीक्ष्ण पट्ट्यात येतो. बेंड घेतला की मूळ सूर वर चढतो, म्हणून हे दुमडलेले सूर खाली उतरतात. खात्री करायची असेल तर गिटार बाजूला ठेवा आणि २०० हर्ट्झपासून ८ किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारी साइन लहर मॉडेलमध्ये सोडा. सूर चढत असताना मागे उतरणारे जे काही ऐकू येईल, ते सगळे एलियासिंग.

उपाय ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे गणित जास्त सॅम्पल दराने करणे, आणि तोही फक्त क्लिपिंगच्या भागाला. ८ पट करा, २-२-२ अशा तीन हाफबँड पायऱ्यांत. पहिली पायरी, ४८ वरून ९६, तीच कडक फिल्टर मागते. पुढच्या दोन बऱ्याच सैल चालतात, कारण तिथे मोकळी जागा भरपूर असते. गिटारला १६ किलोहर्ट्झच्या वर काही सांभाळायचे नसते, त्यामुळे पहिल्या पायरीतही हात आखडता घेता येतो.

बोर्डावर हे बसते का? ४८० मेगाहर्ट्झ भागिले ४८,००० म्हणजे एका सॅम्पलला १०,००० सायकल. ८ पटीवर प्रत्येक उपसॅम्पलला १,२५०. एक ट्यूब स्क्रीमर आरामात बसतो, दोन बसवताना जपून. कोडमध्ये सगळीकडे फ्लोट (३२ बिटांचे आकडे) वापरा. साधा १.० लिहिला की कंपायलर तो डबल (६४ बिटांचा) धरतो आणि पुढचे सगळे गणित डबलमध्ये जाते. स्थिरांकाला शेवटी 'एफ' लावायला विसरू नका, नुसत्या त्यानेही बराच वेळ वाचतो.

आता क्लिपिंगचे. ०.७ व्होल्टची भिंत हे टीएस८०८ चे वागणेच नाही. त्यात डायोड जमिनीला नाहीत, ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये आहेत, आणि त्यांच्यातून जेमतेम काही दहा मायक्रोअँपिअर वाहतात. १ किलोहर्ट्झचा १०० मिलिव्होल्ट शिखराचा सिग्नल धरा. ४.७ किलोओम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड यांच्या शाखेतून साधारण १७ मायक्रोअँपिअर जातात आणि तेवढ्या प्रवाहाला १एन९१४ डायोडवर जवळपास ०.४ व्होल्टच पडतात. ०.७ वर भिंत घातली की सुरुवातीचा सगळा मऊपणा गेला.

असे लिहा. इनपुटचे व्होल्ट ७२० हर्ट्झच्या हायपासमधून काढा आणि ४,७०० ने भागा. हा प्रवाह झाला. तो फीडबॅकमध्ये तीन वाटांनी जातो : ५१ पिकोफॅरडचा कॅपॅसिटर, ५१ किलोओम अधिक ५०० किलोओमचा ड्राइव्ह पॉट, आणि उलटसुलट जोडलेले दोन डायोड. डायोडच्या जोडीचा प्रवाह म्हणजे २ गुणिले २.५२ नॅनोअँपिअर गुणिले हायपरबोलिक साइन, आत फीडबॅकचे व्होल्ट भागिले ०.०४५३. तिन्हींची बेरीज त्या प्रवाहाइतकी यायला हवी. कॅपॅसिटर ट्रॅपेझॉइडल पद्धतीने सोडवा आणि फीडबॅकचे व्होल्ट न्यूटन-रॅफसनने (अंदाज फेरीफेरीने सुधारणारी पद्धत) काढा. सुरुवात मागच्या सॅम्पलच्या उत्तरापासून केली तर ३-४ फेऱ्यांत जमते. एका फेरीत ०.१ व्होल्टपेक्षा मोठी उडी घेऊ देऊ नका, नाहीतर जोराच्या स्ट्रमला घातांक फुटतो आणि आवाज कायमचा बंद पडतो. हायपरबोलिक साइन आणि कोसाइन दोन्ही लागतात, पण घातांक एकदाच काढा आणि त्याचा व्यस्त घ्या.

आणि शेवटी आउटपुट म्हणजे इनपुट अधिक फीडबॅकचे व्होल्ट. ही बेरीज बहुतेक जण गाळतात. नॉन-इन्व्हर्टिंग रचनेमुळे मूळ स्वच्छ सिग्नल एकपट नेहमी बाहेर येतोच. पिकचा ठोका स्क्रीमरमध्ये शाबूत राहतो तो याच बेरजेमुळे. मला हा पेडल आवडतो त्याचे निम्मे कारण ही बेरीज आहे. यापुढे १ किलोओम आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा लोपास, तोही ७२० च्याच आसपास, आणि मग टोन.

हे समीकरण खऱ्या व्होल्टमध्ये चालते. तुमच्या कोडमधला १.० म्हणजे किती व्होल्ट, हे माहीत आहे ना?

---

गिरणाकाठ

कॅबिनेट नव्हते. आयआर टाकल्यावर निम्मी धार गेली, शिट्टी मात्र तशीच आहे, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग आलेच. १.० म्हणजे किती व्होल्ट ते कसे मोजू? ऑसिलोस्कोप नाही, साधा मल्टिमीटर आहे. गिटार बोर्डाच्या इनपुटला थेट लावली आहे.

---

पांझरा_७२०, धुळे

थेट नको. बोर्डाचे इनपुट लाइन पातळीसाठी आहे. पिकअपवर त्याचा भार पडतो आणि चमक तिथेच मरते. मध्ये टीएल०७२ ऑपअँपचा बफर (भार न टाकता सिग्नल पुढे देणारे सर्किट) टाका : ९ व्होल्ट, दोन १० किलोओम आणि ४७ मायक्रोफॅरडने अर्ध्या व्होल्टेजचा बिंदू, त्या बिंदूकडे १ मेगाओम, आत ०.०२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. याचा कट ७ हर्ट्झवर पडतो, म्हणजे पाच तारी बेसचा ३१ हर्ट्झचा बी सुद्धा अबाधित. हे भाग टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातही मिळतात.

मोजणी सोपी आहे. फोनवरून किंवा लॅपटॉपवरून १०० हर्ट्झची साइन सोडा. १ किलोहर्ट्झ नको, कारण स्वस्त मल्टिमीटरचा एसी भाग बहुधा ४०० हर्ट्झपर्यंतच खरे सांगतो. बफरच्या तोंडाशी ०.३५४ व्होल्ट एसी दिसेपर्यंत आवाज वाढवा. याचे शिखर ०.५ व्होल्ट. आता कोडमध्ये आलेले शिखर वाचा. ते ०.२५ आले तर १.० म्हणजे २ व्होल्ट. मॉडेलच्या दाराशी २ ने गुणा, बाहेर पडताना भागा. एवढे केले की ड्राइव्हचा नॉब खऱ्या पेडलसारखा त्याच आकड्यावर तुटायला लागतो.

---

सातपुडा_ओम, शहादा

फझबद्दल. ही चूक तुमच्या ट्रान्झिस्टरच्या मॉडेलमध्ये नाही, त्याच्या आधी आहे.

फझ फेसचा इनपुट इंपीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी, काही किलोओमच्या घरात. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरकडून पहिल्याच्या बेसला १०० किलोओमचा फीडबॅक येतो, त्यामुळे तो पेडल व्होल्टेजपेक्षा करंट खातो. पिकअपची कॉइल, साधारण ६-८ किलोओम आणि २ ते ४ हेन्री, थेट त्या सर्किटचा भाग बनते. व्हॉल्यूम ७ वर आणला की पॉटचे काही दहा किलोओम मालिकेत येतात, करंट एकदम घटतो आणि फझ काचेसारखा साफ होतो. तुमच्याकडे मध्ये १ मेगाओमचा बफर आहे. बफरच्या पुढे फक्त पातळी जाते, पॉट कुठे आहे ही माहिती जातच नाही. सॉफ्टवेअर कितीही हुशार लिहिले तरी नसलेली माहिती ते कुठून आणणार?

म्हणून हा भाग तांब्यातच, म्हणजे खऱ्या सर्किटात, ठेवा. बफरच्या तोंडाशी, ०.०२२ च्या कॅपॅसिटरच्या आधी, जमिनीकडे १० किलोओमचा रेझिस्टर, छोट्या रिलेने किंवा साध्या टॉगल स्विचने फझच्या वेळीच जोडला जाईल असा. मोठे मॉडेलर हेच करतात. लाइन ६ च्या हेलिक्समध्ये इनपुट इंपीडन्स १० किलोओमपासून १ मेगाओमपर्यंत बदलता येतो, तो याच कामासाठी. मग कोडमध्ये मोजलेल्या व्होल्टला १०,००० ने भागा आणि आलेला करंट पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला द्या. व्होल्टेज दिलेत तर पिकअपचा भार दोनदा मोजल्यासारखे होईल. हे शंभर टक्के अचूक नाही, कारण खऱ्या बेसचा इंपीडन्स सिग्नलसोबत हलतो, पण व्हॉल्यूम नॉबवर जे हवे ते मिळते.

सर्किटचे आकडे : पहिल्या ट्रान्झिस्टरला ३३ किलोओम, दुसऱ्याला ८.२ किलोओम आणि ४७० ओम, फझचा पॉट १ किलोओम आणि त्याला २० मायक्रोफॅरड, आत २.२ मायक्रोफॅरड, बाहेर ०.०१. दुसऱ्याच्या कलेक्टरवर साधारण ४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. मॉडेलमध्येही सिग्नल शून्य ठेवून आधी हा आकडा छापून बघा. तो ४.५ च्या आसपास नसेल तर पुढे काही ऐकण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे या मॉडेलचे मोल जास्त आहे, हे आवर्जून सांगतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती दर ८-१० अंशाला दुप्पट होते. २५ अंशांना जुळवलेला खरा फझ फेस मेमध्ये जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत नेला की गळती चौपट-पाचपट होते, बायस (ट्रान्झिस्टरचा सिग्नल नसतानाचा बिंदू) सरकतो आणि सूर धरण्याआधीच तुटायला लागतो. मॉडेलमध्ये तापमान २५ ला बांधून टाका, थर्मल व्होल्टेज २५.७ मिलिव्होल्ट. खानदेशातल्या उन्हाळ्यात उघड्या मांडवाखाली भरवशाचा जर्मेनियम फझ हवा असेल, तर माझ्या मते तो डिजिटलच असावा.

---

तापी_क्लॉक, भुसावळ

कोरसवर. चमक जाते-येते ती लिनिअर इंटरपोलेशनमुळे, म्हणजे दोन सॅम्पलांमधली किंमत सरळ रेषेने काढल्यामुळे. डिले बरोबर सॅम्पलवर असतो तेव्हा काहीच कापले जात नाही, अर्ध्या सॅम्पलवर असतो तेव्हा ते एक लोपासच होते आणि २४ किलोहर्ट्झवर पार शून्य. डिले सतत हलत असल्याने हा लोपासही उघडझाप करतो. तिसऱ्या घाताचे लाग्रांज इंटरपोलेशन घाला. थोडे गुणाकार वाढतात, बोर्डाला ते जाणवतही नाहीत.

पण नुसते एवढे केलेत तर तो स्वच्छ डिजिटल कोरस होईल, बकेट ब्रिगेडचा (चार्ज टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणाऱ्या डिले चिपचा) होणार नाही. बॉसच्या सीई-२ कोरसमध्ये एमएन३००७ ही तशी चिप आहे, १,०२४ टप्प्यांची. डिले म्हणजे टप्पे भागिले क्लॉकची दुप्पट. १०० किलोहर्ट्झवर ५.१२ मिलिसेकंद. त्रिकोणी एलएफओ (संथ हलणारी लहर) क्लॉकला हलवतो, डिलेला नाही. डिले क्लॉकच्या व्यस्तात जातो, म्हणून त्याची रेघ सरळ न राहता एका बाजूला झुकते. बहुतेक प्लगइन इथेच डिलेला थेट साइन लावतात आणि मग तो पोहण्याचा भास येत नाही.

दुसरे, चिपमध्ये आधीच शिरलेला चार्ज नंतर बदललेल्या क्लॉकने बाहेर येतो. त्यामुळे आत्ता बाहेर पडणारे सॅम्पल ५१२ क्लॉक-ठोक्यांपूर्वी आत गेलेले असते, त्या ठोक्यांचा वेग मधल्या काळात काहीही असो. क्लॉकची बेरीज करत चला आणि बेरजेत ५१२ चा फरक जिथे पडतो तिथून वाचा. ५ मिलिसेकंदाच्या कोरसला हे फारसे ऐकू येत नाही. एमएन३००५ च्या ४,०९६ टप्प्यांच्या डिलेला मात्र हेच सर्वस्व आहे : १० किलोहर्ट्झवर २०५ मिलिसेकंद, आणि नॉब फिरवल्यावर सूर ज्या पद्धतीने घसरतो ती इथून येते.

फिल्टर दोन्हीकडे हवेत, चिपच्या आधी आणि नंतर. डिलेच्या पेडलमध्ये कंपँडरही असतो, मेमरी मॅनच्या घराण्यात एनई५७० सारखा. तो २:१ ने दाबतो आणि पुढे परत उलगडतो. दोन्ही टोकांचा वेळ अगदी जुळत नाही म्हणून शेपटीला श्वास घेतल्यासारखे होते. तो श्वास काढून टाकू नका.

तुमची 'टीं' : ४८ सॅम्पलचा ब्लॉक म्हणजे सेकंदाला १,००० वेळा प्रोसेसर जोरात पळतो आणि थांबतो. त्याचा करंट ऑडिओच्या जमिनीत शिरतो. ब्लॉक २४ करा. सूर २ किलोहर्ट्झवर उडाला तर निदान पक्के. उपाय कोडमध्ये नाही. अ‍ॅनालॉग भागाला वेगळा रेग्युलेटर, बोर्डाची एजीएनडी आणि डीजीएनडी (अ‍ॅनालॉग आणि डिजिटल जमीन) एकाच बिंदूवर जोडलेली, बफरची जमीन त्याच बिंदूवर, आणि बफरला थोडा गेन देऊन सिग्नल मोठा करूनच आत पाठवा. गेन बदलला की पांझराभाऊंची व्होल्टची मोजणी पुन्हा करावी लागेल.

---

खानदेशी_खर्ज, जळगाव

बेसचा प्रश्न राहिला, तो घेतो.

स्क्रीमर बेसचा तळ कापत नाही, मागे टाकतो. ७२० हर्ट्झच्या खाली त्याचा गेन उतरत उतरत १ कडे जातो, तर मधल्या पट्ट्यात ड्राइव्ह पूर्ण असताना शंभर पटींच्या वर चढतो. ४१ हर्ट्झचा ई बाहेर पडतोच, पण शेजारी आरडाओरडा चाललेला असतो.

ब्लेंड करा, म्हणजे स्वच्छ सिग्नल सोबत मिसळा, पण सांभाळून. ओव्हरसॅम्पलिंगचे फिल्टर सिग्नल उशिरा देतात. समजा २४ सॅम्पल, म्हणजे अर्धा मिलिसेकंद. स्वच्छ सिग्नल न थांबवता मिसळला तर १ किलोहर्ट्झवर खड्डा पडतो, पुढे ३ वर, ५ वर. बेसची बोटे जिथे ऐकू येतात नेमका तोच पट्टा. स्वच्छ वाटेलाही तेवढ्याच सॅम्पलचा डिले द्या. त्याहून चांगले म्हणजे दोन वाटाच वेगळ्या करा : २२० हर्ट्झच्या आसपास चौथ्या दर्जाचा लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर (वरचे आणि खालचे सूर वेगळे करणारा फिल्टर), खाली फक्त हलका कंप्रेसर, वर स्क्रीमर. या क्रॉसओव्हरच्या दोन्ही बाजू परत जोडल्या की पातळी सपाट येते. खालच्या वाटेला वरचीइतकाच डिले इथेही लागतोच. दोन तारा एकत्र वाजवल्यावर होणारी घुरघुरही यात कमी होते, कारण खालचा सूर क्लिपिंगपर्यंत पोचतच नाही.

बेसच्या कॅबिनेटला लांब आयआर घ्या. १,०२४ सॅम्पलच्या आयआरची फोड ४७ हर्ट्झची, त्यात ४१ चा ई नीट बसूच शकत नाही. ४,०९६ ला ती ११.७ होते. एवढा लांब आयआर थेट गुणाकाराने नको, तुकड्यांच्या एफएफटीने (फ्रिक्वेन्सीत नेऊन केलेल्या जलद गणिताने) करा, नाहीतर गिटारच्या वाट्याचे सायकल खाऊन टाकेल. जागा कमी पडली तर गिटारचा १,०२४ वर आणा, गिटारला तेवढा पुरतो.

न्यूरल कॅप्चरबद्दल : गिटार अ‍ॅम्पसाठी ते आज अप्रतिम आहे. लाइन ६ च्या १९९८ च्या लाल पॉड मॉडेलरपासून इथवरचा पल्ला ऐकला की हे काम करणाऱ्यांबद्दल आदर वाटतो. पण साधे कॅप्चर म्हणजे नॉबच्या एका जागेचे चित्र. ड्राइव्ह फिरवला की नवे कॅप्चर. कोरस, फेझर यांसारखे वेळेबरोबर हलणारे इफेक्ट त्यात बसत नाहीत. फझच्या व्हॉल्यूमचा प्रश्न तिथेही तसाच राहतो, कारण तो बफरच्या अलीकडचा आहे. आणि न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरचे नेहमीच्या आकाराचे मॉडेल या बोर्डाला पेलत नाही, फार छोटे करावे लागते. तुमच्या यादीला सर्किटचे मॉडेलच योग्य.

---

गिरणाकाठ

शब्दच नाहीत मंडळी, इतके नेमके उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. ब्लॉक २४ केला, 'टीं' खरोखर २ किलोहर्ट्झवर गेली. बफर आणि वेगळा रेग्युलेटर या आठवड्यात जोडतो. फक्त जनरेटरचे सांगा : गुंईं कापायला ५० हर्ट्झचा नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर) टाकू का?

---

सातपुडा_ओम, शहादा

नको भाऊ. जनरेटरची फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे हलते. डीजेचा बेस पडला की ती खाली वाकते. ५० ला खिळलेला नॉच ती गुंईं चुकवेल आणि बेसच्या जी-जीशार्पला मात्र खाईल. डबा आणि मिक्सर यांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल वेगळा करून मिक्सरला देणारा डबा) लावा, त्याचे ग्राउंड लिफ्ट (सिग्नलची जमीन तोडणारे बटण) दाबा. अर्थिंगची पिन मात्र कुठल्याही प्लगची काढू नका. मिरवणुकीत गाडी, जनरेटर आणि ओले हात एकत्र असतात, तिथे तोच एक आधार आहे. डब्याला वेगळा ९ व्होल्टचा आयसोलेटेड पुरवठा किंवा ९ व्होल्ट देणारी पॉवर बँक दिलीत तर उरलेली गुंईंही बहुतेक जाईल. पॉवर बँक घेताना एवढे बघा की कमी करंटला ती आपोआप बंद पडणारी नको. डबा फार थोडी वीज खातो, आणि काही पॉवर बँका चार्जिंग संपले समजून मध्येच झोपतात.